कुर्ग : पॉइंट कमी, मुक्काम जास्त

बँकेतल्या नोकरीमुळे मी १९९४ ते १९९७ अशी तीन वर्षं कुर्गच्या मुख्य गावात, मडिकेरीत होते. शेतीकर्जाचं टेबल माझ्याकडे होतं. त्यामुळे कॉफीचे मळे मी पहिल्यांदा पाहिले ते तारण मालाची तपासणी करायला गेले तेव्हा. बदली झाल्यावरही दोन-तीन वर्षांआड एक फेरी होतेच. मागच्या अंकात त्या दिवसांविषयी चार ओळी लिहिल्या आणि यावेळच्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं कुर्गच्या सहलीबद्दलची आली. म्हणून हे सदर यावेळी त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : आम्ही सहाजण जानेवारीत कुर्गला जायचं म्हणतोय. सासरे ७६ वर्षांचे, लष्करातून निवृत्त. सासूबाई ७१, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊची. येण्याजाण्याचा प्रवास सोडून पाच दिवस हातात आहेत. एका टूरवाल्यांनी तीन रात्रींत १४ पॉइंट दाखवणारा कार्यक्रम दिलाय. घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, घेऊ नका.

माझ्या आईवडिलांना मी २००३ साली तिकडे नेलं होतं. माझीच रजा कमी होती, म्हणून गाडी ठरवून एका दिवसात सहा ठिकाणं उरकली. मी तिथे तीन वर्षं राहिलेली, तरी ही चूक केली. वळणावळणाच्या रस्त्याने आईला दोनदा उलटी झाली. चौथ्या ठिकाणी ती गाडीतून उतरलीच नाही. पाचव्या ठिकाणाआधी ड्रायव्हरने एका मसाल्याच्या दुकानात नेलं. तिथे घेतलेला वेलदोडा घरी येऊन फोडला तर निम्म्या बोंडांत दाणाच नव्हता. परतल्यावर शेजारणीने विचारलं, काय पाहिलंत? आई म्हणाली, गाड्या लावायच्या जागा. ते वाक्य मला अजून टोचतं. आईला मी पुन्हा तिकडे नेऊ शकले नाही.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. मुक्कामाची जागा एकच ठेवा, तीही चालू कॉफीच्या मळ्यात, आणि पाचांतला एक अख्खा दिवस कुठेही जाऊ नका.

आता जायचं कसं. कोडगू, म्हणजेच कुर्ग, या जिल्ह्यात रेल्वे नाही. तुम्हाला सोयीचं म्हणजे हुबळीहून रात्रीची गाडी धरून म्हैसूर. साताऱ्याहून थेट मोटारीने निघालात तर सातशे किलोमीटरच्या वर अंतर पडतं. सासूबाईंना घेऊन ते एका दमात करू नका. म्हैसूर ते मडिकेरी साधारण १२० किलोमीटर. वाटेत हुणसूर, पिरियापट्टण आणि मग बैलकुप्पे लागतं. तिबेटी निर्वासितांची ही वसाहत १९६० च्या दशकातली. तिथल्या नामद्रोलिंग मठात सोन्याचा मुलामा दिलेल्या तीन प्रचंड मूर्ती आहेत. मधली बुद्धांची जवळजवळ साठ फुटी. टूरवाले याच्यासाठी मडिकेरीहून एक वेगळा अर्धा दिवस मोजतात, पण ते तर रस्त्यातच आहे. जाताना दुपारी थांबा, आत सपाटीवर चालणं आहे, सासूबाईंना जमेल. पुढे कुशालनगरला कावेरी ओलांडली की कोडगू सुरू.

होमस्टे ठरवताना फोटो पाहून भुलू नका. फोन करून विचारा : मळा चालू आहे की नुसती खोल्यांभोवती चार झाडं आहेत? साधी मोटार दारापर्यंत येते की शेवटचे दोन किलोमीटर जीप लागते? तळमजल्यावर खोली आणि कमोड आहे का? आणि आम्ही येऊ तेव्हा तोडणी चालू असेल का? शेवटच्या प्रश्नाला मालक मोकळेपणाने, लांबण लावून उत्तर देऊ लागला की समजा, जागा चांगली आहे. पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे ना, तेही विचारून घ्या.

दुसरा दिवस मळ्यात. हा दिवस मी कुणालाही सोडू देणार नाही.

अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती. जानेवारीत अरेबिकाची तोडणी संपत आलेली असते आणि रोबस्टाची सुरू झालेली असते. सकाळी महाबळेश्वरसारखा गारठा असतो, स्वेटर घालूनच बाहेर पडा. कॉफी सावलीत वाढते, त्यामुळे मळा म्हणजे जंगलच वाटतं. वर सिल्व्हर ओक, फणस, पांगारा, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल, आणि खाली माणसाच्या उंचीला छाटून ठेवलेली कॉफीची झाडं. मालकाला विचारून लाल झालेलं एक फळ तोडा आणि मुलीच्या हातात द्या. चिमटीत दाबलं की सालीतून दोन बिया सुळकन बाहेर येतात, बुळबुळीत, गोड चिकाने माखलेल्या. साल चोखून बघायला सांगा. गोड लागते, कॉफीचा वास तिला औषधालाही नसतो. दोन्ही बियांच्या सपाट बाजू एकमेकींना टेकलेल्या असतात. क्वचित एखाद्या फळात एकच गोलसर बी निघते, तिला पीबेरी म्हणतात. माझ्या भाच्यांना मी ती शोधायला लावलं होतं, दुपारच्या जेवणाला हाका माराव्या लागल्या.

मग खळ्यावर जा. तिथे तुम्हाला दोन प्रकारची कॉफी वाळत पडलेली दिसेल. फळाची साल यंत्राने काढून, चिकटा आंबवून धुऊन वाळवली ती पार्चमेंट. तिच्यावर पिवळट कागदासारखं टरफल असतं. आणि अख्खं फळच वाळवलं ती चेरी, काळी पडलेली. बायका दाताळ्याने ती सारखी वरखाली करत असतात. मळ्यातल्या हिशोबनिसाला तिकडे ‘रायटर’ म्हणतात. मी ओल मोजायचं यंत्र पिशवीतून काढायच्या आत एक म्हातारे रायटर मूठभर चेरी माझ्या कानाशी नेऊन हलवायचे. आतली बी खुळखुळली की माल वाळला. नुसती दबकी हालचाल जाणवली तर अजून दोन उन्हं हवीत. यंत्राचा आकडा त्यांच्या मुठीशी जुळायचा. तुमच्या मुलाला हे करून बघू द्या.

संध्याकाळचं माप चुकवू नका. तोडणाऱ्या बाया-माणसं पोती घेऊन काट्याशी येतात, ज्याची त्याची तोड तोलली जाते, वहीत लिहिली जाते. बहुतेक मळ्यांत मजुरी किलोवर असते. आमच्या वेळी तमिळनाडूकडचे आणि तिथले आदिवासी मजूर असायचे, आता आसामकडची कुटुंबंही दिसतात. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि त्यांच्या वाटेत उभे राहू नका. दिवसभर वाकून तोडलेल्या पोत्यावर त्यांचा रोज ठरतो. मुलांनी हे बघावं असं मला फार वाटतं.

एक गोष्ट कडकपणे सांगते. अंधार पडू लागला की मळ्यात पायी फिरू नका. कोडगूत रानहत्ती मळ्यांतून ये-जा करतात, फणसाच्या दिवसांत तर हमखास, पण इतर वेळीही. मालक नको म्हणाला की नको.

तिसरा दिवस भागमंडल आणि तलकावेरी. मडिकेरीपासून भागमंडल चाळीस किलोमीटरच्या आत, तिथून वर तलकावेरी आणखी आठ. भागमंडलला कावेरी, कन्निके आणि गुप्त सुज्योती असा संगम मानतात. भगंडेश्वराचं देऊळ केरळी धाटणीचं आहे, त्याच्या लाकडी छतावरचं कोरीवकाम मान वर करून सावकाश बघा. तलकावेरीला कावेरीचा उगम. तुम्ही साताऱ्याचे, महाबळेश्वरला कृष्णेचा उगम पाहिलेला असेल. इथे गोमुख नाही, एक लहानसं चौकोनी कुंड आहे, देव्हाऱ्याएवढं, आणि त्याच्यापुढे स्नानाचं मोठं तळं. एवढ्याशा कुंडातली नदी पुढे सुमारे आठशे किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. कोडवा या तिथल्या समाजाची कावेरी ही कुलदेवता. ऑक्टोबरच्या मध्यावर तूळ संक्रमणाला कुंडात पाणी उसळतं तेव्हा सगळा जिल्हा तिथे लोटतो. सासूबाईंना कुंडापर्यंतच्या पायऱ्या हात धरून जमतील. मागच्या ब्रह्मगिरीवर चढायच्या तीनशेहून जास्त पायऱ्या मात्र, तेव्हा खुल्या असतील तर, मुलांनी आणि तुम्ही करा. त्या दोघांना खाली बसू द्या, वारा छान असतो.

चौथा दिवस मडिकेरी गावात, आणि तो सासऱ्यांच्या नावे. जनरल थिमय्यांचं ‘सनी साइड’ हे घर आता संग्रहालय आहे, २०२१ साली ते खुलं झालं. थिमय्या १९५७ ते १९६१ लष्करप्रमुख होते. फील्ड मार्शल करिअप्पाही कोडगूचेच. १५ जानेवारी १९४९ ला ते पहिले भारतीय सरसेनापती झाले, म्हणून त्या तारखेला सेनादिन पाळतात. जमलं तर तुमची तारीख त्या आठवड्यात बसवा. घराघरातून माणूस फौजेत पाठवणारा जिल्हा म्हणजे काय ते सातारकराला वेगळं सांगायला नको, सासऱ्यांना तिथे आपल्या गावासारखं वाटेल. तिथल्या एखाद्या निवृत्त फौजीशी गाठ पडली तर दोघांना बोलू द्या, घड्याळ बघू नका. तिथून ओंकारेश्वर जवळ आहे. १८२० साली राजा लिंगराजेंद्राने बांधलेलं हे देऊळ, वर घुमट आणि चार कोपऱ्यांना मिनार, समोर तळं. किल्ल्यात दगडविटांचे दोन पूर्णाकृती हत्ती आहेत. संध्याकाळी राजाज सीट या बागेत सूर्यास्त. गर्दी असते, पण दरी खरोखर सुंदर दिसते.

पाचव्या दिवशी परतीच्या वाटेवर सकाळीच दुबारेचा हत्ती कॅम्प. हत्तींची अंघोळ सकाळीच असते, कावेरी नावेने ओलांडावी लागते. पाण्यावर अवलंबून ते बंदही ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी होमस्टेवाल्यांना चौकशी करायला सांगा.

अब्बी धबधबा राहिला ना? मडिकेरीपासून सात-आठ किलोमीटरवर आहे, पण खाली पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या, आणि जानेवारीत पाणी पावसाळ्याच्या मानाने बेताचं. मुलांनी हट्ट धरला तर चौथ्या दिवशी सकाळी. मांदलपट्टी या डोंगरमाथ्यावर नेणारी जीप सासूबाईंच्या गुडघ्यांना आणि सासऱ्यांच्या पाठीला सोसणार नाही. ते सरळ सोडा.

प्रश्न : कॉफीचा फुलोरा पाहायचा आहे. नक्की कोणत्या तारखेला यावं?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : तारीख मालकही देऊ शकत नाही, ती पावसाच्या हातात असते. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पहिली चांगली सर पडली की साधारण आठ-दहा दिवसांनी कळ्या उमलतात. एका रात्रीत सगळा मळा पांढरा होतो, वास मोगऱ्याच्या जवळचा. दोन-तीन दिवसांत फुलं करपून तपकिरी होतात. रोबस्टाला बरेच मळेवाले पावसाची वाट न बघता तुषार सिंचन देतात. अशा मळ्यात पाणी कधी दिलं ते विचारून दिवस मोजता येतात. तेव्हा दोन-तीन मालकांशी आधीच ओळख करून ठेवा, ‘पाणी दिलं की कळवा’ म्हणा, आणि निरोप आला की निघायची तयारी ठेवा.

तुम्हाला एक गोष्ट लगेच कळेल. पहिली सर पडल्यावर पुढचा पाऊसही वेळेवर लागतो, नाहीतर फळधारणा बिघडते. आणि डिसेंबर-जानेवारीत खळ्यावर माल असताना अवकाळी आला तर वर्षाच्या मेहनतीवर पाणी. मी तिथे असताना एका जानेवारीत रात्री पाऊस आला. सकाळी तपासणीला गेले तर सगळं घर, आजीसकट, ताडपत्र्या झटकत होतं. मी त्या दिवशी वही उघडली नाही, एक दाताळं घेतलं. द्राक्षाच्या माणसाला त्या घराची सकाळ कशी असेल ते सांगावं लागत नाही. मालकांशी बोलताना पिकावरून सुरुवात करा, ते तुम्हाला पाहुण्यासारखं नाही, भावासारखं वागवतील.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. तिकडे सगळीकडे डुकराचं मांस असतं असं ऐकलं. हाल होतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : होणार नाहीत. पंदी करी हा कोडवांच्या घरचा मानाचा पदार्थ आहे, काचमपुळी नावाच्या काळ्या आंबट अर्कात मुरवलेला, आणि होमस्टेच्या टेबलावर तो असणारच. पण तुमच्यासाठी अक्की ओट्टी, म्हणजे तांदळाची मऊ भाकरी, नूलपुट्टू म्हणजे वाफवलेल्या शेवया, कडंबुट्टू म्हणजे तांदळाच्या कण्यांचे उकडलेले गोळे, आणि भाज्यांची आमटी हे सगळं आहे. आरक्षण करतानाच सांगा, वेगळी भांडी हवी असतील तर तेही सांगा, म्हणजे ऐनवेळी कुणाचा अवमान होत नाही. मडिकेरी-कुशालनगरला इडली-डोशाची शाकाहारी हॉटेलं भरपूर आहेत.

प्रश्न : येताना कॉफी पावडर आणायची आहे. कोणती घ्यावी? दुकानात दहा प्रकार सांगतात आणि गोंधळ होतो.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी पाकिटावर चिकोरीचं प्रमाण वाचा. ते छापावंच लागतं. चिकोरी हे एका मुळाचं भाजलेलं चूर्ण, त्याने रंग गडद येतो, काढा दाट होतो आणि कडवटपणा वाढतो. मिश्रणात ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे जवळजवळ निम्मं पाकीट कॉफीच नसू शकतं. चिकोरी वाईट असं मी म्हणत नाही, दाक्षिणात्य फिल्टर कॉफीची चव अनेकांना तिच्यामुळेच आवडते. पण पैसे कॉफीचे देताय की चिकोरीचे, ते माहीत असावं. पहिल्यांदा घेत असाल तर ८० : २०, म्हणजे ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी, असं घ्या.

अरेबिका उंचावर होते, हजार मीटरच्या आसपास आणि वर. तिचा सुगंध चांगला, कडूपणा कमी. रोबस्टा खालच्या बाजूला, जास्त कडक, जास्त कॅफिन, दुधात टिकणारी. कोडगूत रोबस्टाच जास्त पिकते. दूध घालून पिणार असाल तर दोन्हींचं मिश्रण चांगलं, काळी पिणार असाल तर अरेबिका. ‘कूर्ग अरेबिका’ला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय.

आणि एक किलो आणू नका. भाजून दळलेल्या कॉफीचा वास आठ-पंधरा दिवसांत उडायला लागतो. पाव किलो आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शक्य असेल तर समोर दळून देणाऱ्याकडून घ्या, आणि त्याला ‘फिल्टरसाठी’ एवढं नक्की सांगा. पूड फार बारीक झाली तर काढा खाली उतरत नाही, आणि तुम्ही फिल्टरला दोष देत बसता.

प्रश्न : आम्ही मित्र जुलैमध्ये मोटारसायकलींवर जाणार आहोत. पावसात कुर्ग भारी असतं म्हणतात.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भारी असतं, आणि मी तुम्हाला जाऊ नका म्हणतेय. आपल्या गगनबावड्याच्या पावसाची तुम्हाला सवय आहे, म्हणून धोका जास्त वाटणार नाही, म्हणूनच लिहिते. ऑगस्ट २०१८ मध्ये मडिकेरीच्या आसपास डोंगर खचले, माणसं गेली, घरं आणि कॉफीचे मळे मातीसकट वाहून गेले. मंगळूरकडून संपाजे घाटाने येणारा रस्ता तेव्हा तुटला होता. मी पुढच्या वर्षी गेले तेव्हा एका ओळखीच्या मळ्याच्या जागी नुसती लाल माती होती. ज्यांच्या कर्जाच्या फायली मी हाताळल्या त्यांतली ती जमीन होती, तिचा गट नंबर मला पाठ होता.

ऑक्टोबरच्या शेवटी जा. डोंगर तितकेच हिरवे, धबधबे भरलेले, जळवाही बऱ्याच कमी. आणि तरीही पावसातच जायचं ठरवलंत तर रात्री घाटात चालवू नका, आणि जिल्हा प्रशासनाने रस्ता बंद केला असेल तर आडवाटेने जाऊ नका.

प्रश्न : कुर्ग की चिकमगळूर?
– एक वाचक, लातूर

उत्तर : डोंगर चढायची आवड असेल तर चिकमगळूर. मुळ्ळय्यनगिरी हे कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर तिथे आहे, सुमारे १,९३० मीटर. शिवाय बाबाबुडनगिरीही तिथेच. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनमधून कॉफीच्या सात बिया आणून त्या डोंगरात लावल्या अशी परंपरा आहे. घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर कुर्ग. एका सहलीत दोन्ही नको.

प्रश्न : इतक्या लांब जाणं आम्हाला परवडणार नाही, पण मुलांना कॉफीचं झाड दाखवायचं आहे. जवळपास काही?
– एक शिक्षिका, अकोला

उत्तर : बाई, तुमच्या शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा हे महाराष्ट्रात कॉफी होणारं ठिकाण. मेळघाटात, हजार मीटरहून थोडं वर. कोडगूसारखे मैलोन्‌मैल मळे तिथे नाहीत, थोडीच झाडं आहेत, पण एका वर्गाला तेवढी पुरेत. हिवाळ्यात न्या, झाडाला फळं असतात. आणि जायच्या आधी वर्गात एक मूठ न भाजलेली, हिरवट कॉफीची बी दाखवा. ती मी पाठवते. माझ्या जुन्या खातेदारांपैकी एकजण दरवर्षी जानेवारीत थोडी धाडतात. शाळेचा पत्ता संपादकांकडे कळवा, यंदाची आली की तुमच्याकडे रवाना करते.